स्टेथो, टॅब आणि काचेची नळी

हातात टॅब, कानात इअरफोन आणि समोर पेशंट. उद्याचे डॉक्टर नव्या टेक्नॉलॉजीबद्दल नेमका काय विचार करतात? परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या कट्ट्यावर रंगलेल्या गप्पा...

‘बोन सेट विकणे आहे. पूर्ण. कवटी चांगल्या कंडिशनमध्ये.’

दचकू नका बॉस! मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही विचारा, अशा अर्थाची चिठ्ठी त्यानं नोटिस बोर्डवर एकदा तरी वाचलेली असते. एमबीबीएसला ॲडमिशन झाली की पहिल्या महिन्यात तीन गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. सीनियरकडून अर्ध्या किमतीत हाडांचा सेट, बी. डी. चौरसियांचं ॲनाटॉमीचं पुस्तक आणि गळ्यात मिरवायला स्टेथोस्कोप. पहिल्या वर्षी स्टेथोचा तसा फारसा उपयोग नसतो. पण गावाकडं फोटो पाठवायचा असतो ना!

आता या यादीत चौथी वस्तू घुसलीय आणि बाकीच्या तिघींना ढकलून पुढच्या बाकावर बसलीय. टॅब. त्यात थ्री-डी ॲनाटॉमीचं ॲप असतं. बोटानं फिरवलं की अख्खा माणूस गिरकी घेतो, चिमटीत पकडला की कातडी गायब, मग स्नायू गायब, मग नुसत्या नसा. खऱ्या डिसेक्शन टेबलवर ज्या नसेला शोधायला एक सकाळ जाते आणि सापडेपर्यंत ती कुणीतरी कापलेली असते, ती इथं पिवळ्या रंगात चमकत उभी. एकदम सही.

तुमच्या-माझ्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं की काय होतं? दोन दिवस ट्रेनिंग, चार दिवस कुरकूर आणि मग सगळे मुकाट्यानं वापरायला लागतात. चुकलंच तर एखादा रिपोर्ट चुकतो. डॉक्टरचं चुकलं तर? नव्या टेक्नॉलॉजीबद्दल मेडिकलच्या पोरापोरींना काय वाटतं, हा प्रश्न म्हणूनच मला गॅजेट-प्रेमापेक्षा जरा वेगळा वाटतो. आणि तो विचारायला मला पुण्या-मुंबईतलं चकचकीत कॉलेज नको होतं.

चारठाणा माझं आजोळ. जिंतूर तालुका, जिल्हा परभणी, जिंतूरहून मंठ्याकडं जाताना लागणारं गाव. यादवकाळातली मानली जाणारी देवळं, दगडी बारव, कोरीव काम केलेला उंच स्तंभ असा ऐवज अंगाखांद्यावर बाळगणारं आणि त्याचा अजिबात गाजावाजा न करणारं. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. दिवाळीत इथं परतणाऱ्या पोरांमध्ये पूर्वी इंजिनीअर जास्त असायचे. आता मेडिकलवाले वाढलेत. कारण सरळ आहे. मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेलं औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर), मग अंबाजोगाई, मग नांदेड, नंतर लातूर, अशी मोजकीच नावं होती. परभणीत २०२३ मध्ये सरकारी कॉलेज सुरू झालं. २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोलीत आणि जालन्यातही झालं. डॉक्टर व्हायचं स्वप्न एसटीच्या अंतरावर आलंय.

तर गेल्या दिवाळीत गोकुळेश्वराच्या देवळाजवळ आमचा कट्टा जमला. माझी मामेबहीण मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात थर्ड इयरला आहे. तिचा सीनियर, नुकताच इंटर्न झालेला, शेजारच्या गावचा. एक मुंबईकडच्या खासगी कॉलेजवाला. आणि एक थेट जॉर्जियाहून, म्हणजे तिबिलिसीच्या देशातून, सुट्टीवर आलेला. ‘नावं छापू नका हं ताई, इंटर्नल मार्क्सचा प्रश्न आहे,’ असं सगळ्यांनी आधीच बजावलंय. सो, नो नावं!

पॉज करता येतो तो मास्तर

मला वाटलं होतं, गप्पा रोबोटिक सर्जरीपासून सुरू होतील. झाल्या पॉज बटणापासून.

मामेबहीण दहावीपर्यंत मराठी माध्यमात. मग लातूरला दोन वर्षं नीटची तयारी. एमबीबीएसच्या पहिल्या दिवशी सरांनी धाडधाड इंग्रजीत एम्ब्रियॉलॉजी सुरू केली आणि हिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच देशात आलो. ‘ताई, तास संपला तवा माझ्या वहीत फक्त तारीख होती,’ ती म्हणाली. रात्री होस्टेलवर तोच टॉपिक तिनं मोबाइलवर लावला. वाक्य ऐकायचं, पॉज, शब्द शोधायचा, रिवाइंड, परत. पाऊण तासाचं लेक्चर संपायला तीन तास लागले. पण कळलं. वर्गात हात वर करून ‘सर, परत सांगा’ म्हणायची हिंमत शंभर जणांत कुणाची होते? मोबाइलमधल्या मास्तराला मात्र सतरा वेळा मागं खेचता येतं, आणि तो हसत नाही.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. शहरातल्या पोरांसाठी व्हिडिओ लेक्चर ही सोय आहे. गावातून आलेल्या मुलीसाठी ती भिंतीला पाडलेली खिडकी आहे. नव्या कॉलेजांमध्ये शिक्षकांच्या जागा सगळीकडं भरलेल्या नसतात, तिथं तर ती आणखीच लागते.

पण याच खिडकीतून पोरं वॉर्डातून पळूनही जातात, हे इंटर्ननं सांगितलं. मॅरो, प्रेपलॅडर अशी ॲप्स आज मेडिकोजच्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपइतकीच कॉमन आहेत. त्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे नीट-पीजीची तयारी करणारा इंटर्न. इंटर्नशिप एक वर्षाची. सुया टोचायच्या, टाके घालायचे, बाळंतपणं बघायची, रात्रपाळ्या करायच्या, हे सगळं हातात बसायचं ते याच वर्षात. आणि पीजीची सीट ठरते ती परीक्षेत टिक केलेल्या पर्यायांवर. मग काय होतं? एप्रनच्या एका खिशात स्टेथो, दुसऱ्यात क्वेश्चन बँक. पेशंटचा सलाइन संपेपर्यंत चार प्रश्न. व्हिडिओ तर दीडपट, दुप्पट स्पीडनं ऐकायचे. इंटर्न म्हणाला, आता त्याला खऱ्या माणसाचं बोलणंच स्लो वाटायला लागलंय. म्हातारी समोर बसून, ‘परवाच्याला शेतात गेल्ते बगा, तवापासून...’ असं सुरू करते आणि त्याचं बोट नकळत स्पीड वाढवायचं बटण शोधतं!

आम्ही खूप हसलो. तो नाही हसला.

अटेंडन्सचं म्हणाल तर नियम कडक आहेत. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी हवी. शिक्षकांसाठी तर आधी बोटाचा ठसा होता, मे २०२५ पासून चेहरा दाखवून हजेरी सुरू झाली. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या पंचिंगचे फंडे तिकडंही पोचले. हजर असणं आणि लक्ष असणं यातला फरक पकडणारं मशीन मात्र अजून तुमच्याकडंही नाही आणि त्यांच्याकडंही नाही.

तिला कितीही वेळा मारा

‘स्किल लॅब’ हा शब्द निघाला आणि मुंबईवाल्याची कळी खुलली. त्याच्या कॉलेजात सिम्युलेशन सेंटर आहे. तिथला पुतळा श्वास घेतो, खोकतो, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या करतो, आणि मास्तरांनी काचेपलीकडून बटण दाबलं की त्याला हार्ट ॲटॅक येतो. पोरांनी पळापळ करून त्याला वाचवायचं. नाही वाचला तर रिसेट! २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. ‘किती पाठ आहे’ यापेक्षा ‘काय काय करता येतं’ हे तपासायचं ठरलं, आणि स्किल लॅब सगळ्या कॉलेजांना बंधनकारक झाली. सगळीकडं एवढा नटवा पुतळा नसतो. बऱ्याच ठिकाणी रबरी हात, प्लॅस्टिकचा कमरेखालचा भाग आणि सीपीआरची बाहुली.

या बाहुलीची गोष्ट भन्नाट आहे. ऑफिसात कधी फर्स्ट एडचं ट्रेनिंग झालं असेल, तर तुम्हीही तिला भेटला असाल. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसानं १९६० मध्ये ती बनवली. चेहरा घेतला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून, असं सांगतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल इतक्या जोरानं तिला दाबायचं. नव्या बाहुल्यांमध्ये सेन्सर असतात, कमी पडलात की दिवा लागतो.

मला हे सगळं गंमतीचं वाटत होतं. इंटर्ननं एका वाक्यात गंमत काढून घेतली. ‘ताई, तुम्हाला माहितीये का, आमच्या सीनियरांनी पहिलं इंजेक्शन कुणावर शिकलं? सरकारी दवाखान्यातल्या पेशंटवर. आणि तिथं कोण येतं? आपलेच लोक यायलेत की.’

बरोबर आहे. डॉक्टर शिकतो तो कुणाच्या तरी शरीरावर, आणि ते शरीर बहुतेक वेळा गरिबाचं असतं. पहिल्या दहा चुका रबरी हातावर झाल्या, तर ते दहा जण वाचतात. टेक्नॉलॉजीच्या बाजूनं यापेक्षा दमदार मुद्दा त्या दिवशी कुणी मांडला नाही. मला वाटतं, मांडता येणारही नाही.

तरी मामेबहिणीची तक्रार होतीच. रबरी हाताची शीर कायम एकाच जागी, जाडजूड. जुलाबानं सुकलेल्या आजीची शीर हाताला लागतच नाही, आणि लागली तर सुई बघून पळते. पुतळा ओरडत नाही, त्याचा मुलगा दारात उभं राहून तुमच्याकडं बघत नाही. पहिल्या खऱ्या शिरेच्या वेळी तिचा हात थरथरला, तेव्हा आजीच म्हणाली, ‘टोच माय, काई नाई होत.’ असं सिम्युलेशन कोण बनवणार?

जॉर्जियावाल्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्याकडं लॅब उत्तम, स्क्रीन मोठ्या, वर्ग लहान. पण वॉर्डातला पेशंट जॉर्जियन बोलतो. त्यामुळं पुतळ्याशीच जास्त मैत्री. भारतात परत आल्यावर आधी परीक्षा, मग इंटर्नशिप. त्याला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती हातांची. डोक्यात सगळं आहे म्हणाला, बोटांत उतरायचं राहिलंय.

वीस मिनिटं

आता जी गोष्ट सांगते, ती इंटर्नची. त्याच्या ग्रामीण पोस्टिंगमधली, ऐन पावसाळ्यातली. गाव आणि दवाखाना कुठला ते सोडून देऊ.

रात्री साडेनऊला जीपमधून एका शेतमजुराला आणलं. सोयाबीनमध्ये पायाला काहीतरी चावलं होतं. साप बघितला नव्हता. पाय थोडा सुजलेला, बाकी माणूस शुद्धीवर, बोलत होता. लाइट गेलेली. मेडिकल ऑफिसर मॅडम क्वार्टरमधून निघाल्या होत्या. आपल्या इंटर्नच्या मोबाइलमध्ये त्या वेळी काय काय होतं? सर्पदंशावरची दोन लेक्चर्स, एक एआयवालं ॲप, एक ड्रग-डोस काढणारं ॲप. आणि रेंज? शून्य.

आपल्याकडं माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातल्या घोणस-फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं. साप दिसला नसला तरी हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. पेशंटचं दोन-तीन मिली रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं नळी अजिबात हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, अँटिव्हेनम सुरू करायचं. नळी प्लॅस्टिकची चालत नाही. साबणानं धुतलेली काचेची नळीही फसवू शकते. बस, एवढंच. विजेची गरज नाही, इंटरनेटची नाही.

मॅडम आल्या, रक्त घेतलं, नळी उभी केली. त्याच्या लाखमोलाच्या स्मार्टफोननं त्या रात्री दोनच कामं केली, टॉर्च आणि टायमर. वीस मिनिटांनी मॅडमनी नळी तिरकी केली. रक्त वाहिलं. अँटिव्हेनम लावलं, रिॲक्शन आली तर हाताशी असावं म्हणून ॲड्रिनॅलिन भरून ठेवलं, १०८ ला फोन लावायला एक जण रेंज शोधत गच्चीवर गेला. सहा तासांनी मोठ्या दवाखान्यात परत तपासणी झाली. माणूस वाचला.

‘त्या वीस मिनिटांत काय केलंस?’ मी विचारलं.

‘काय करणार ताई? त्याच्या बायकोशी बोललो. नळीकडं बघत बसलो. पैल्यांदा कळलं, वीस मिनिटं किती असतात ते. आन् दुप्पट स्पीड करता येत नव्हता.’

काचेची नळी हीसुद्धा टेक्नॉलॉजीच, हे मला तेव्हा जाणवलं. नवी नसते एवढंच. आणि नव्याला नाक मुरडण्याची परंपराही जुनीच आहे. पॅरिसच्या रेने लेनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका तरुण पेशंटच्या छातीचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याच्या ग्रंथाचा १८२१ मध्ये इंग्रजी अनुवाद करणारा जॉन फोर्ब्ज हा स्वतः डॉक्टर. हे यंत्र सर्रास वापरात येईल का, अशी शंका त्यानं प्रस्तावनेतच काढली होती! आज तेच यंत्र डॉक्टरकीचा ट्रेडमार्क आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, म्हणजे चारठाण्याचे तसे शेजारीच. १९७६ मध्ये ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून तिकडं धडधाकट माणसं पटापट मरायची. बावस्करांकडं काय होतं? पेशंटच्या उशाशी रात्रभर बसण्याची तयारी. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, ब्लडप्रेशर कधी चढतं, फुप्फुसात पाणी कधी भरतं, हे टिपत गेले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध जर्नलमध्ये आलं. पुढं प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीनं विंचूदंशाचा उपचार बदलून टाकला. पूर्वी जिथं शंभरातले तीस-चाळीस जण दगावायचे, तिथं हे प्रमाण जवळपास एकावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईवाल्याला हे नाव नवीन होतं. इंटर्ननं त्याला तिथंच झापलं.

‘वारं गेलं’ म्हणजे काय रे भाऊ?

एआयचा विषय न निघता कट्टा संपेल, असं होईल का? ओपन एआयचं चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि २०२३ मध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या लायसन्स परीक्षेत ते पास होण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचलं. तेव्हापासून मेडिकलच्या पोरांना ‘आता तुमची काय गरज?’ असं विचारणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात.

पोरं मात्र बिनधास्त आहेत. केस प्रेझेंटेशनची तयारी, किचकट चॅप्टरचा सारांश, व्हायव्हाची प्रॅक्टिस, सगळ्याला एआय वापरतात. कॉलेजच्या सरांना माहीत आहे. सरही वापरतात. सगळ्यांनी एकमेकांपासून लपवलंय, एवढंच!

मामेबहिणीनं मात्र एक हटके प्रयोग केला. गावाकडं बायाबापड्या जे शब्द वापरतात, तेच एका चॅटबॉटला (कुठल्या ते जाऊ दे) टाइप करून विचारले. ‘बाबांच्या अंगावरून वारं गेलंय, काय करू?’ उत्तर आलं ते थंडी, गॅस आणि गरम पाण्याबद्दल. आपल्याकडं अंगावरून वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू, लकवा. इथं गरम पाणी पीत बसायला वेळ नसतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर तिनं हेच इंग्रजी टर्म वापरून विचारलं, तर उत्तर एकदम चोख. म्हणजे ज्ञान आहे, पण ते परभणीची भाषा बोलणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

तेव्हापासून ती मोबाइलमध्ये एक यादी करतेय. कळ, चमक, ठणका, ठसठस, उसण. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, पेन. कणकण वेगळी, हुडहुडी वेगळी. घेरी वेगळी, डोळ्यापुढं अंधारी वेगळी. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई कधीच पहिल्या वाक्यात सांगत नाही, आधी कंबर दुखते म्हणून सांगते. मेडिकलच्या पोरांनी काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या घरी जात राहायचं, असा कार्यक्रम २०२१-२२ च्या बॅचपासून अभ्यासक्रमात आलाय. बरीच मुलं ते काम फॉर्म भरून उरकतात. हिची यादी तिथंच तयार झाली. तिनं ती कुठं छापलेली नाही, कुणाला दाखवलेलीही नाही. मी म्हटलं, याचं ॲप काढ. तर म्हणाली, ‘आधी मला तर पाठ होऊ दे.’

इंटर्नची भीती दुसरी. मुंबईच्याच एका कंपनीचं सॉफ्टवेअर छातीचा एक्स-रे बघून टीबीची शंका सांगतं. टीबी शोधायला अशी सॉफ्टवेअर्स वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हिरवा कंदील दाखवला. जिथं एक्स-रे वाचायला रेडिऑलॉजिस्टच नाही, तिथं हे वरदान आहे, यावर सगळ्यांचं एकमत. पण जो अजून एक्स-रे वाचायला शिकतोय, त्याच्यासमोर उत्तर आधीच लिहून आलं तर तो फिल्म बघेल कशाला? ही भीती हवेतली नाही. २०२५ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास ‘लॅन्सेट’च्याच एका जर्नलमध्ये आला. दुर्बिणीनं आतड्यातल्या गाठी शोधणारे अनुभवी डॉक्टर एआयच्या सवयीनंतर एआयशिवाय काम करायला बसले, तेव्हा गाठी सापडण्याचं त्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरलेलं दिसलं. शिकलेल्यांचं हे, तर शिकणाऱ्यांचं काय? गुगल मॅपशिवाय कोथरूडहून हडपसरला जाऊन बघा, म्हणजे कळेल.

खिशात मावणारं मशीन

सगळ्यात मोठं भांडण झालं ते शेवटी, अल्ट्रासाउंडवरून.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या मेडिकल कॉलेजनं २०१९ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एकेक अल्ट्रासाउंड प्रोब दिला. दाढीच्या ट्रिमरएवढा, मोबाइलला जोडायचा, की पेशंटचं हृदय स्क्रीनवर. तिकडची पोरं स्टेथोबरोबर हा घेऊन राउंडला जातात. मुंबईवाला असे व्हिडिओ बघून हळहळतो. ग्रामीण दवाखान्यात असा एक प्रोब असता तर पोटातला रक्तस्राव, फुप्फुसातलं पाणी, अडलेलं बाळंतपण दोन मिनिटांत कळलं असतं!

पण आपल्याकडं असा प्रोब घेऊन गावोगाव फिरता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आणि त्याखालचे नियम आडवे येतात. प्रत्येक मशीनची नोंदणी, ठरलेली जागा, ठरलेला माणूस. २०१२ मध्ये पोर्टेबल मशीनवरचे नियम आणखी आवळले. साध्या एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करायची तर २०१४ च्या नियमांनुसार सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि परीक्षा.

‘जुनाट कायदा आहे,’ मुंबईवाला म्हणाला.

मामेबहीण उसळलीच. ‘जुनाट? २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार पोरांमागं ८०७ पोरी होत्या, सहा वर्षांच्या आतल्या. कशानं झाल्या कमी? याच मशीननं. चालवणारे डॉक्टरच होते की नाही?’

कट्टा गप्प झाला. बीड काही दूर नाही. महाराष्ट्रानं तर १९८८ मध्येच, देशात सगळ्यात आधी, याविरुद्ध कायदा केला होता. तरी हा आकडा आला. ज्या मशीननं आज जीव वाचू शकतो, ते पोरांच्या हातात द्यायला समाज घाबरतो. कारण त्यांच्या आधीच्या पिढीतल्या काहींनी ते कसं वापरलं, हे सगळ्यांनी बघितलंय. टेक्नॉलॉजीवरच्या चर्चेत हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मला तरी तो इथंच ऐकायला मिळाला.

इंटर्न मात्र तिच्याशी पूर्ण सहमत नव्हता. त्याचं म्हणणं, शिक्षा गुन्हा करणाऱ्याला द्या, शिकणाऱ्याला नको. कॉलेजच्या आत, नोंदणी झालेल्या मशीनवर, सरांच्या देखरेखीखाली छाती आणि पोटातला रक्तस्राव बघायला तरी प्रत्येक विद्यार्थ्याला भरपूर शिकवा. आज बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसचा पोरगा मशीनच्या मागं उभा राहून पडद्यावरचा करडा पाऊस बघतो आणि मान डोलावतो. मामेबहिणीला शिकवण्याचं मान्य होतं, मशीन खिशात देण्याचं नव्हतं. मुंबईवाला म्हणाला, प्रत्येक स्कॅनची आपोआप नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घाला ना आत. ‘नोंद तपासणार कोण? तेच ना?’ ही म्हणाली. जॉर्जियावाल्यानं सांगितलं, तिकडं तो प्रोब कुणीही वापरतो, आणि कुणाला काही वाटत नाही. त्यावर तिघंही एकदम त्याच्यावर तुटून पडले.

अंधार पडला तरी भांडण मिटलं नव्हतं. इंटर्नचा रजेचा शेवटचा दिवस होता. त्याला रात्रीच्या गाडीनं ड्यूटीवर परतायचं होतं. निघताना तो मामेबहिणीला म्हणाला, तुझी इंटर्नशिप लागली की मला फोन कर, ग्रामीण पोस्टिंगला काय काय सोबत न्यायचं ते सांगतो. तिनं तिथंच मोबाइल काढून यादी सुरू केली. पॉवर बँक, टॉर्च, ऑफलाइन डाउनलोड केलेली लेक्चर्स. तिसऱ्याच्या खाली त्यानं स्वतः टाइप केलं, ‘काचेच्या नळ्या आहेत का, पहिल्याच दिवशी बघ.’